नोटीस घ्या, तारीख लिहा

आज बँकेच्या नोटिशीबद्दल बोलायचं आहे. मार्च जवळ आला की गटाच्या बैठकीत कुणीतरी एक लिफाफा पदराआडून काढतं आणि हळूच विचारतं, "ताई, यात काय लिहिलं आहे?" बहुतेक वेळा तो लिफाफा पंधरा-वीस दिवस धानाच्या कोठीमागे पडून असतो. घरच्यांना कळू नये, शेजारणीला कळू नये म्हणून. पण कायद्याने दिलेली मुदत नोटीस मिळाल्या दिवसापासून मोजतात, वाचल्या दिवसापासून नाही. कोठीमागचे ते दिवस तुमच्याच मुदतीतून कापले जातात.

काही बाया पोस्टमनला परत पाठवतात. त्याचा उपयोग नाही. घ्यायला नकार दिला तरी ती मिळाली असंच धरतात, आणि आत काय होतं ते मात्र आपल्याला कळत नाही. म्हणून नोटीस घ्यायची, लिफाफ्यावर मिळाल्याची तारीख लिहायची, लिफाफा फेकायचा नाही. मग कॉलेजात जाणारी पोरगी असो की सीआरपी ताई, कुणाकडून तरी शांतपणे वाचून घ्यायची. कोणी पाठवली, कोणत्या कायद्याखाली, किती रुपयांसाठी, कशावर आणि किती दिवसांत, एवढं शोधायचं. कायद्याचं नाव सगळ्यात महत्त्वाचं, कारण कुठे जायचं ते त्यावरून ठरतं.

आधी जेलची भीती बाजूला करू. "पैसे नाही भरले तर पोलीस घेऊन जातील" असं वसुलीवाले सर्रास सांगतात. कर्ज थकणं हा गुन्हा नाही, आणि बँकेचा हप्ता वसूल करणं पोलिसांचं काम नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ तर सरळ सांगतं की पैशाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोर्ट बाईला अटक करण्याचा किंवा दिवाणी तुरुंगात ठेवण्याचा आदेश देणार नाही. हे तुमच्या गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: कलम ५६. आपल्या महाराष्ट्रात या गोष्टीचा इतिहास मोठा आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळायला सुरुवात केली, आणि त्यानंतर १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत कर्जापायी शेतकऱ्याला अटक करणं बंद झालं. त्या वेळी कागद जाळावे लागले. आज आपल्याला वाचवणारे कागद आपल्याच घरात असतात, म्हणून ते जपायचे.

त्याच संहितेचं कलम ६० सांगतं की कोर्टाच्या जप्तीत काय नेता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला काढता न येणारा दागिना म्हणजे मंगळसूत्र, शेतकऱ्याची अवजारं, शेतीला लागणारे बैल, बियाण्याचं धान, कारागिराची हत्यारं, आणि शेतकऱ्याचं किंवा मजुराचं राहतं घर. यात एक मोठा 'पण' आहे. ते घर तुम्ही स्वतः बँकेला गहाण लिहून दिलं असेल, तर हे संरक्षण त्या घराला मिळत नाही.

जेलच्या बाबतीत एकच सावधगिरी, चेकची. कोरा चेक सही करून दिला असेल आणि तो वटला नाही, तर कलम १३८ खाली फौजदारी केस होते. तिथे बाईला सूट नाही. चेक परत आल्याची नोटीस मिळाली की १५ दिवसांत रक्कम भरायची असते. म्हणून कोणी "फक्त सिक्युरिटीसाठी" म्हणून कोरा चेक मागितला तर देऊ नका. दिलाच असेल तर त्याचा नंबर लिहून ठेवा आणि कर्ज फिटल्यावर परत मागा.

आता ज्या नोटिशीने सगळ्यात जास्त घाबरगुंडी उडते ती बघू. तिच्यावर 'सरफेसी कायदा २००२, कलम १३(२)' असं लिहिलेलं असतं. हा कायदा बँकेला कोर्टात न जाता गहाण मालमत्तेचा ताबा घ्यायची मुभा देतो. पण पायरी-पायरीने. कर्ज आधी एनपीए झालेलं पाहिजे. घरकर्जासारख्या कर्जात ९० दिवस हप्ता थकला की ते होतं. पीककर्जात, धानासारख्या कमी मुदतीच्या पिकाला, दोन हंगाम थकलं की होतं. मग १३(२) ची नोटीस येते, त्यात किती येणं आहे आणि कोणती मालमत्ता धरली आहे हे लिहावं लागतं, आणि ६० दिवस द्यावे लागतात.

हे ६० दिवस म्हणजे तुमचा खरा वेळ. बहुतेक जणी तो दुसरं कर्ज शोधण्यात घालवतात. एका मायक्रोफायनान्सचं फेडायला दुसऱ्याचं काढायचं, बैलजोडी पडेल भावात विकायची. मी म्हणेन, आधी लेखी हरकत द्या. कलम १३(३-अ) प्रमाणे तुम्ही हरकत दिली की बँकेला १५ दिवसांत कारणांसह लेखी उत्तर द्यावंच लागतं. हरकतीत रडगाणं नको, हिशेब पाहिजे. या तारखेला एवढे भरले ते जमा दिसत नाहीत. दंड किती लावला ते वेगळं दाखवा. (रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशाप्रमाणे दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.) अवकाळीने धान गेलं त्याचा पंचनामा जोडला आहे. आणि शेवटी, मी महिन्याला एवढा हप्ता देऊ शकते. खात्याचा पूर्ण उतारा त्याच अर्जात मागा. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती चिकटवून ठेवा. तोंडी बोलणं साहेबांच्या बदलीबरोबर जातं.

६० दिवसांत काही जमलं नाही तर बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. पहिला ताबा बहुधा कागदोपत्री असतो: दारावर नोटीस चिकटवतात आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक मराठी. तुम्ही घरातच राहत असता, म्हणून वाटतं अजून काही झालं नाही. पण तुमचे ४५ दिवस तिथूनच सुरू झालेले असतात. कलम १७ प्रमाणे या ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे, अर्ज करायचा. आपल्यासाठी डीआरटी नागपूरला आहे.

इथे दोन चुकीच्या वाटांवर लोकांचे दिवस जातात. एक, साध्या दिवाणी कोर्टात मनाई मागणं. सरफेसीच्या बाबतीत कायद्यानेच ते दार बंद केलं आहे. दुसरी, कलेक्टर साहेबांना, आमदारांना निवेदन देणं. बँकेला प्रत्यक्ष ताबा मिळवून देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मदत कलम १४ खाली घेतली जाते हे खरं, पण कर्ज बरोबर की चूक हे ते तिथे ठरवत नाहीत. निवेदन देऊन फोटो काढून घ्यायला हरकत नाही, ४५ दिवस मात्र त्यात घालवू नका.

नागपूरला जायला पैसे कुठून आणायचे? दहा लाखांच्या आतल्या कर्जाला कर्जदाराची फी लाखामागे ५०० रुपये आहे. पूर्वी कायद्यात असं होतं की दाद मागण्याआधी बँकेने मागितलेल्या रकमेच्या ७५ टक्के भरा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात ती अट रद्द केली. हातात पैसा नाही म्हणून तर माणूस दाद मागतो, त्याच्याकडूनच आधी पैसा कसा मागणार? आता अर्ज दाखल करायला तशी रक्कम लागत नाही. स्थगिती देताना काही भाग भरायला सांगतात, त्याची तयारी ठेवा. वकिलाची सोय पुढे सांगते.

लिलाव व्हायचा असेल तर आधी ३० दिवसांची नोटीस तुम्हाला मिळाली पाहिजे. सगळी थकबाकी भरून मालमत्ता सोडवायची असेल तर ती लिलावाची जाहिरात छापून येण्याआधी. २०१६ पासून कायदा तसा आहे. लिलावाच्या सकाळी पैसे घेऊन गेलेल्याला उशीर झालेला असतो. आणि येणं वजा करून जास्तीचे पैसे उरले तर ते तुमचे आहेत, मागून घ्या. सोनेतारण कर्जातही तसंच, आधी नोटीस आणि वरचे पैसे परत.

काही गोष्टींना सरफेसी लागूच होत नाही. एक लाखापर्यंतचं कर्ज. मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी राहिलेली बाकी. आणि शेतजमीन. शेतजमिनीबद्दल मात्र गोव्यातला एक खटला लक्षात ठेवा. तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या मालक कंपनीने म्हटलं, गहाण जमिनीचा काही भाग सरकारी कागदावर शेतीचा आहे, म्हणून सरफेसी चालणार नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही; जमीन हॉटेलसाठी वापरात होती. म्हणजे सातबाऱ्याबरोबर खरंच शेती होते आहे हेही दाखवावं लागतं. पीकपाहणीची नोंद दरवर्षी करून घ्या असं मी का मागे लागते, ते यासाठीही. आणि शेतजमीन सरफेसीतून सुटली म्हणजे कर्ज सुटलं असं नाही. बँक दुसऱ्या कायद्याने, कोर्टातून येऊ शकते.

आपल्या धानोऱ्यात जमिनीचे प्रश्न आणखी वेगळे. वनहक्काचा पट्टा वारसाला जातो, पण तो विकता येत नाही, कुणाच्या नावे करता येत नाही. २००६ च्या कायद्याचं कलम ४(४). मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला तेव्हापासून वनहक्काचं बोलणं आपल्याकडे घरोघरी आहे, पण पट्ट्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव असतं हे अजून किती जणींनी पाहिलं आहे? पट्ट्याची मूळ प्रत कुणी कर्जासाठी ठेवून घेत असेल तर देऊ नका. आदिवासीच्या मालकीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चं बंधन आहे. तरी बँकेकडे किंवा सोसायटीकडे कर्जासाठी गहाण ठेवायला त्याच कायद्यात वाट आहे. "आमच्या जमिनीला कुणी हात लावूच शकत नाही" असं धरून नोटीस चुलीत घालू नका.

नोटीस सहकारी बँकेची असेल तर? बरीच वर्षं कर्जदार म्हणायचे, सहकार हा राज्याचा विषय, तिथे दिल्लीचा सरफेसी कसा? हा वाद कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. ५ मे २०२० ला पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला: सहकारी बँक बँकिंगच करते, म्हणून तिलाही सरफेसी वापरता येतो. त्यामुळे सहकारी बँकेची सरफेसी नोटीस आली तरी वाट तीच, ६० दिवस, ४५ दिवस, नागपूर.

पतसंस्था ही बँक नाही. तिला सरफेसी नाही. ती आणि गावची सोसायटी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मागते, आणि त्यावर वसुली अधिकारी थेट जप्ती करू शकतो. दाखला देण्याआधी सुनावणीची नोटीस येते. ती साधीसुधी दिसते, एक पानाची, आणि म्हणूनच बाया जात नाहीत. अहो, तिथेच जायचं असतं! दाखला झाल्यावर कलम १५४ खाली दोन महिन्यांत फेरतपासणी मागता येते, पण आधी वसुलीची निम्मी रक्कम भरावी लागते. सुनावणीत बोलायला काहीच लागत नाही. पावत्या घेऊन जा, व्याज कसं लावलं ते विचारा, तुमचं म्हणणं लेखी द्या. जामीनदार असाल तरी जा, कारण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. वहिनीच्या शब्दाखातर सही केली होती हे निबंधक ऐकत नाहीत.

बचत गटाच्या कर्जाचं वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे उमेदच्या गटांना २० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही आणि गटाच्या बचत खात्यावर होल्ड लावायचा नाही. एखाद्या बाईच्या नवऱ्याचं कर्ज थकलं म्हणून सगळ्या गटाचं कर्ज अडवणं, हेही साधारणपणे करायचं नाही. गट स्वतः थकीत नसला पाहिजे, आणि ते पैसे थकबाकीदार सदस्याला द्यायचे नाहीत. शेतीचंही लक्षात ठेवा: १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही.

दर आठवड्याला दारात बसणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्यांसाठी २०२२ पासून नियम आहेत. वसुली दोघांनी ठरवलेल्या ठिकाणीच. लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा तुम्ही तिथे गेला नाहीत, तरच त्यांनी घरी यायचं. घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, असं बघूनच कर्ज द्यायचं. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, नावं चव्हाट्यावर मांडणं, सगळं मना आहे. वसुली एजंटांना सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. एका गावात रात्री नऊपर्यंत अंगणात खुर्ची टाकून बसलेला माणूस मी पाहिला आहे, आणि त्याच्यासाठी चहा ठेवणारी ताईही. चहा द्या, पण त्याचं नाव, ओळखपत्र आणि वेळ लिहून घ्या. तक्रार आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो.

नवरा गेल्यावर येणारी नोटीस सगळ्यात जड. दहाव्या-तेराव्यालाच कुणीतरी येऊन सही मागतं. ताई, तुम्ही स्वतः कर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर त्याचं कर्ज त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच तुमच्याकडून वसूल होतं, तुमच्या स्वतःच्या कमाईतून नाही. पण नव्या कागदावर कर्जदार म्हणून सही केलीत की ते कर्ज तुमचं झालं. सहीआधी त्याचं पासबुक पाहा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवनज्योती विमा आहे, २० रुपये कापलेले दिसले तर सुरक्षा विमा, म्हणजे अपघाताचा. दोन्हींत २ लाखांचं संरक्षण असतं. कर्जाबरोबर वेगळा विमा उतरवला होता का तेही विचारा.

आता वकील. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२: बाईला, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुणालाही, मोफत वकील मिळतो. बाईसाठी उत्पन्नाची अट नाही. न्यायाधिकरणातल्या कामालाही हे लागू आहे. गडचिरोलीला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, साध्या कागदावर अर्ज चालतो. फोन १५१००. जाताना नोटीस लिफाफ्यासकट, पासबुक, भरलेल्या पावत्या, कर्जाचे कागद, सातबारा किंवा घराचा नमुना ८ आणि आधार घेऊन जा.

लोक अदालतीची नोटीस ही वसुलीची नाही, तडजोडीचं बोलावणं आहे. जाच. व्याजात सूट मिळते, हप्ते बांधून मिळतात, आणि मी स्वतः ही वाट पसंत करते. पण तिथे गर्दी असते, घाई असते, "सही करा ताई, पुढचा नंबर" असं चालतं. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून धानाचे पैसे कधी येतात, तेंदूची मजुरी कधी येते, हे घरी मोजून जा आणि जमेल तोच आकडा बोला. एकरकमी परतफेड ठरली तर बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. त्यात किती भरायचे, कधीपर्यंत आणि त्यानंतर काही बाकी नाही, हे तिन्ही असलं पाहिजे.

"माफी येईल, थांबू" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की २०१९ ची महात्मा फुले कर्जमुक्ती पीककर्जाची होती. बचत गटाचं, मायक्रोफायनान्सचं कर्ज त्यात नव्हतं.

पैसे भरून झाल्यावरचं एक काम राहतं, आणि ते निम्म्याहून जास्त घरांत राहूनच जातं. बँकेकडून बेबाकी दाखला घ्यायचा, गहाण कागद मोजून परत घ्यायचे. घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जात ते ३० दिवसांत द्यावे लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई, डिसेंबर २०२३ पासून. मग तो दाखला तलाठ्याकडे देऊन बोजा कमी करायचा अर्ज करायचा, घराचा असेल तर ग्रामपंचायतीत. फेरफार झाला असं कुणी सांगितलं तरी नवा सातबारा काढा, 'इतर हक्क' हा रकाना शोधा, आणि त्यात बँकेचं नाव उरलेलं नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.